कप्स-ब्राउझ्ड बंद केलं आणि लॅबमधले प्रिंटर गायब झाले. मदत हवी आहे

जाईजुई | २८ सप्टेंबर २०२४, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. लॅब आणि ऑफिस मिळून ३० मशीन आहेत, सगळ्यांवर उबुंटू १८.०४. कोपऱ्यात एक जुनं मशीन प्रिंट सर्व्हर म्हणून चालतं. त्यावर डेबियन ६ आणि कप्स (लिनक्समधलं छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) १.४ आहे, दोन लेझर प्रिंटर त्याला जोडलेले आहेत. माझ्या आधीच्या सरांनी २०११ मध्ये हे बसवलं आणि तेव्हापासून ते विनातक्रार चालू आहे.

काल कप्समधल्या त्रुटींची बातमी वाचली. सगळीकडे एकच सल्ला होता, कप्स-ब्राउझ्ड ही सेवा थांबवा आणि मशीन चालू होताना ती आपोआप सुरू होणार नाही असं करा. मी संध्याकाळी थांबून सगळ्या ३० मशीनवर ते केलं. आज सकाळी एकाही मशीनवर प्रिंटर दिसत नाही.

सोमवारी सत्र परीक्षेची हॉल तिकिटं छापायची आहेत. ऑफिसही याच सर्व्हरवरून प्रिंट काढतं. प्राचार्य म्हणाले, "चालू होतं ते कशाला बंद केलं?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला कळत नाहीये.

हे खरंच इतकं गंभीर आहे का? आणि सोमवारपुरतं पुन्हा चालू केलं तर चालेल का?

---

माळरान | २८ सप्टेंबर, सकाळी ११:०५

ताई, माझं मत विचाराल तर सोमवारपुरतं चालू करा. लॅब आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरून थेट कोणी येत नाही. बातमीत त्रुटीला दहापैकी ९.९ गुण दिलेत खरे, पण असा गाजावाजा दर दोन महिन्यांनी होतो. परीक्षा आधी.

---

कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

जाईजुई, पुन्हा चालू करू नका. प्रिंटर आज संध्याकाळपर्यंत परत येतील, त्याचा मार्ग शेवटी सांगतो. माळरान, तुमची काळजी पटते, पण इथे 'आतलं नेटवर्क' म्हणजे ३० मशीन आणि दिवसभर पेनड्राइव्ह, मोबाइल घेऊन येणारी शे-दोनशे मुलं. तेव्हा आधी हे प्रकरण काय आहे ते नीट सांगतो.

जुन्या कप्समध्ये प्रिंट सर्व्हर दर ३० सेकंदांनी नेटवर्कभर हाळी द्यायचा, 'मी अमुक प्रिंटर, माझा पत्ता हा'. ही हाळी यूडीपी पोर्ट ६३१ वर, म्हणजे मशीनच्या ६३१ क्रमांकाच्या दारावर, जायची. साधी मजकुराची ओळ, सही नाही, शिक्का नाही, ओळखीचा कसलाही पुरावा नाही. २०१२ साली आलेल्या कप्स १.६ मध्ये ही पद्धत काढून टाकली आणि बॉनजूर किंवा अवाही ज्या पद्धतीने उपकरणं शोधतात ती घेतली. पण जुने सर्व्हर जागोजागी होतेच. त्यांच्या हाळ्या ऐकायला कोणीतरी हवं म्हणून कप्स-ब्राउझ्ड ही वेगळी सेवा तेच काम करत राहिली.

ती ऐकते कुठून? मशीनच्या प्रत्येक नेटवर्क पत्त्यावर. आणि कोणाकडून? कोणाकडूनही. सीव्हीई-२०२४-४७१७६ (सीव्हीई म्हणजे त्रुटीला दिलेला नोंदणी क्रमांक) ही पहिली त्रुटी म्हणजे नेमकं हेच.

आता पुढचं बघा. कोणीतरी एक खोटी हाळी पाठवतो. तुमचं मशीन त्याने दिलेल्या पत्त्यावर आपण होऊन जातं आणि विचारतं, 'बाबा, तू कसला प्रिंटर आहेस?' समोरचा आपली 'वैशिष्ट्यं' पाठवतो. ती तपासून घ्यायला हवीत, पण लिबकप्सफिल्टर्स हा छपाईचा सहायक भाग तपासत नाही (त्रुटी क्रमांक ४७०७६). लिबपीपीडी हा दुसरा भाग तीच वैशिष्ट्यं जशीच्या तशी पीपीडी फाइलमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या माहितीपत्रकात, लिहून टाकतो (४७१७५). त्या मजकुरात नवी ओळ सुरू करणारं चिन्ह घुसवलं की समोरच्याला हव्या त्या ओळी तुमच्या फाइलमध्ये येऊन बसतात. त्यातली एक ओळ फूमॅटिक-रिप या फिल्टरसाठी असते, 'छापताना ही कमांड चालव' (४७१७७). बस. त्या प्रिंटरवर कोणी प्रिंट दिली की ती कमांड तुमच्या मशीनवर चालते.

चारही दुवे सुटे सुटे पाहिले तर किरकोळ वाटतात. एकापुढे एक जोडले की साखळी पूर्ण होते.

फूमॅटिक-रिपबद्दल एक गोष्ट बहुतेक बातम्यांत आली नाही, ती सांगतो. कमांड चालवणं हे त्याचं मूळ कामच आहे. कितीतरी जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर त्याच ओळीवर चालतात, त्यामुळे ती सोय सरसकट बंद करता येत नाही. म्हणून अडवायचं ते साखळीच्या पहिल्या दुव्यावर, आणि तुम्ही काल नेमकं तेच केलंत. प्राचार्यांना हे जरूर सांगा.

तुमचे प्रिंटर गायब झाले ते यामुळेच. कप्स १.४ जुन्या पद्धतीने हाळी देतं आणि ती ऐकणारा कान तुम्ही बंद केलात. आता ऐकण्यावर अवलंबून राहायचं नाही, मशीनना सर्व्हरचा पत्ता स्वतः सांगून ठेवायचा. तो भाग जेवून लिहितो.

---

खडूफळा | २८ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी शिक्षक आहे, यातला जाणकार नाही, म्हणून विचारतो. त्या खोट्या प्रिंटरवर कोणी प्रिंट दिली तरच कमांड चालते ना? मुलं अनोळखी प्रिंटरवर प्रिंट कशाला देतील? मग धोका कमी नाही का होत?

---

एल्बेकाठी | २८ सप्टेंबर, दुपारी २:००

खडूफळा सर, प्रश्न बरोबर आहे. ९.९ हा आकडा नंतर टिकला नाही तो याच कारणाने. आता चारही त्रुटींना वेगवेगळे गुण आहेत, आणि कमांड चालते तीही रूट (मशीनवरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून नाही, छपाईच्या 'एलपी' या मर्यादित अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने. तेव्हा 'जगातली सगळी लिनक्स मशीन एका पॅकेटने काबीज' असं काही नाही.

पण प्रिंटर 'अनोळखी' दिसेलच असं समजू नका. नाव ठेवणं समोरच्याच्या हातात असतं. या त्रुटी शोधणारे इटलीचे संशोधक सिमोने मार्गारितेल्ली यांनी तर दाखवलंय की आधीपासून असलेल्या प्रिंटरचा पत्ताही गुपचूप बदलता येतो. तुमच्या लॅबमध्ये यादीत 'लॅब लेझर' दिसला की मूल प्रिंट मारणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मी हँबुर्गमध्ये एका विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करते. आमच्याकडची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्ही तीच चूक करणार नाही. २६ तारखेला रात्री ही माहिती ठरल्यापेक्षा आधीच जाहीर झाली. घाईघाईत आमच्या एका सहकाऱ्याने प्रिंट सर्व्हरसमोरच्या फायरवॉलवर पोर्ट ६३१ पूर्ण अडवलं, यूडीपी आणि टीसीपी (डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही. यूडीपी ६३१ म्हणजे कप्स-ब्राउझ्डचा कान. टीसीपी ६३१ म्हणजे खुद्द कप्स, प्रिंट तिथूनच जातात. शुक्रवारी सकाळी आठला चार मजल्यांवरची छपाई बंद. नऊ वाजता कोणीतरी वैतागून नियमच काढून टाकला, दोन्ही पोर्टांचा. म्हणजे तासभर छपाई गेली आणि वर भोकही उघडंच राहिलं. आम्हाला ते दुपारी कळलं.

तेव्हा अडवायचं असेल तर फक्त यूडीपी ६३१. आणि तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. त्याच नेटवर्कवर बसलेला माणूस दुसऱ्या, नव्या शोधपद्धतीनेही खोटा प्रिंटर जाहीर करू शकतो, आणि ती ६३१ वरून जात नाही. सेवाच बंद करणं हा खरा उपाय.

---

कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, दुपारी ३:१०

एल्बेकाठी यांनी मुद्द्याचं सांगितलं. आता उपाय.

जाईजुई, तुमच्या ३० मशीनवर खरं तर स्वतःच्या कप्सचीही गरज नाही, कारण सगळे प्रिंटर सर्व्हरवर आहेत. प्रत्येक मशीनवर ईटीसीमधल्या कप्स फोल्डरात क्लायंट डॉट कॉन्फ नावाची फाइल तयार करा. तिच्यात एकच ओळ, सर्व्हरनेम हा शब्द, एक जागा सोडून सर्व्हरचा आयपी पत्ता. अर्थात रोमन अक्षरांत. एवढं केलं की मशीनवरचा प्रत्येक प्रोग्रॅम प्रिंटरची यादी थेट सर्व्हरकडे मागतो. शोधाशोध नाही, हाळी नाही.

सर्व्हरवर कप्स १.३.१२ किंवा त्याहून जुनं असतं तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन व्हर्जन १.१ असंही लिहावं लागलं असतं. तुमचं १.४ आहे, तुम्हाला ते लागणार नाही.

आधी एका मशीनवर करून पाहा. एलपीस्टॅट (प्रिंटरची यादी दाखवणारी कमांड) चालवून दोन्ही प्रिंटर दिसले आणि एक पान नीट आलं, की तीच फाइल बाकीच्यांवर कॉपी करा.

दोन सूचना. सर्व्हरचा आयपी पक्का करून टाका. राउटरने उद्या दुसरा पत्ता दिला तर तीसही मशीन एकदम आंधळी होतील. आणि कप्स-ब्राउझ्ड नुसतं बंद ठेवू नका, पॅकेजच काढून टाका. त्याने कप्सला धक्का लागत नाही. १८.०४ ची नेहमीची मोफत अपडेट मे २०२३ मध्येच संपली. उबुंटू प्रो घेतलं तर पुढची मिळतात, पण ते मोफत आहे फक्त वैयक्तिक वापराला, तेही ५ मशीनपर्यंत. जिथे पॅच येणारच नाही तिथे नको असलेली सेवा ठेवायचीच कशाला?

---

जाईजुई | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

चाललं!! पहिल्या मशीनवर फाइल केली आणि लगेच दोन्ही प्रिंटर दिसले. मग दोन मुलांना मदतीला घेऊन बाकीची केली. २९ मशीन व्यवस्थित.

एक राहिलं. ऑफिसच्या क्लार्कमॅडमचं मशीन. त्याला त्यांचा डॉट मॅट्रिक्स थेट यूएसबीने जोडलेला आहे, फीच्या पावत्या त्यावर निघतात. फाइल टाकल्यावर तोच गायब झाला, लेझर मात्र दिसतात.

---

कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

माझी चूक, हे आधीच सांगायला हवं होतं. सर्व्हरनेम लिहिलं की मशीन फक्त सर्व्हरलाच विचारतं, स्वतःच्या कप्सकडे बघतही नाही. त्या एका मशीनवरून क्लायंट डॉट कॉन्फ काढा, डॉट मॅट्रिक्स परत येईल. मग लेझर प्रिंटर एलपीअ‍ॅडमिनने (प्रिंटर जोडण्याची कमांड) हाताने जोडा. प्रिंटरचा पत्ता असा द्या: आयपीपी, पुढे सर्व्हरचा पत्ता, पुढे प्रिंटर्स, पुढे सर्व्हरवर त्या प्रिंटरचं जे नाव आहे ते. ड्रायव्हरच्या जागी 'रॉ' द्या, कारण कागदावर कसं उतरवायचं हे काम सर्व्हर करणार आहे. नव्या कप्समध्ये 'रॉ' ही जात आता जाण्याच्या मार्गावर आहे, तशी सूचनाही दिसेल, पण १८.०४ वर ती चालते.

---

जाईजुई | ३० सप्टेंबर, दुपारी ४:१५

हॉल तिकिटं छापून झाली. क्लार्कमॅडमच्या पावत्याही निघाल्या. प्राचार्यांना मी साखळीची गोष्ट सांगितली, अगदी वर लिहिली आहे तशी. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मग तो जुना सर्व्हर तरी सुरक्षित आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

एल्बेकाठी | १ ऑक्टोबर, रात्री ११:३०

तुमच्या प्राचार्यांचा प्रश्न या सगळ्या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न आहे.

कप्स-ब्राउझ्ड त्या सर्व्हरवर नसेलच, ते त्या काळानंतरचं. पण डेबियन ६ ला कित्येक वर्षांत एकही पॅच मिळालेला नाही. या चार त्रुटी तिथे नाहीत एवढ्यावर त्याला सुरक्षित म्हणता येणार नाही. ते मशीन बदलाच.

आणि आज अकामाई या इंटरनेट सेवा-सुरक्षा कंपनीने एक वेगळीच बाजू पुढे आणली आहे. कप्स-ब्राउझ्डला खोटी हाळी दिली की ते सांगितलेल्या पत्त्यावर जातं, हे वर आलंच आहे. तो पत्ता हल्लेखोराचा नसून तिसऱ्याच कोणाचा दिला तर? मग तुमचं मशीन त्या तिसऱ्याच्या दारावर धडका मारत बसतं. अशी हजारो मशीन एकदम सोडली की त्याची वेबसाइट बंद. अकामाईला इंटरनेटवर उघडी पडलेली १,९८,००० हून जास्त उपकरणं सापडली, आणि त्यातली ५८,००० हून अधिक अशा हल्ल्यात वापरता येतील असं त्यांचं म्हणणं आहे. काही तर एका पॅकेटवर थांबतच नव्हती, पुन्हा पुन्हा विचारत राहिली. यासाठी कोणी प्रिंट देण्याचीही गरज नाही. खडूफळा सर, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे.

---

खडूफळा | २ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

धन्यवाद ताई, आता लख्ख कळलं. आणखी एक. माझ्याकडे मॅक आहे, त्यातही कप्स असतं म्हणतात. काही करावं लागेल का?

---

कृष्णाकाठ | २ ऑक्टोबर, सकाळी ९:००

मॅकमध्ये कप्स आहे, अ‍ॅपलने ते २००२ पासून वापरलंय. पण कप्स-ब्राउझ्ड मॅकबरोबर येत नाही, त्यामुळे ही साखळी तिथे सुरूच होत नाही. नेहमीची अपडेट घेत राहा.

---

माळरान | २ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

मी पहिल्या प्रतिसादात 'सोमवारपुरतं चालू करा' म्हणालो होतो. ते मत मागे घेतो. एल्बेकाठींची फायरवॉलची गोष्ट वाचली आणि मला माझंच २०२१ साल आठवलं. ते इथे लिहून ठेवतो, विंडोजवाल्यांच्या कामी येईल.

मी एका पतसंस्थेच्या सहा शाखांचं काम बघतो, सगळं विंडोजवर. २०२१ च्या जून अखेरीस प्रिंटनाइटमेअर ही विंडोजच्या छपाईतली त्रुटी आली. विंडोजचा प्रिंट स्पूलर सिस्टम या सर्वोच्च अधिकाराने चालतो, आणि नेटवर्कवरचा साधा वापरकर्ताही त्याला 'हा ड्रायव्हर बसव' असं सांगून आपला कोड त्या अधिकाराने चालवू शकत होता. २९ जूनला हल्ल्याचा नमुना कोड गिटहबवर आला. तो चुकून टाकला गेला होता, काढलाही, पण तोवर त्याच्या प्रती झाल्या होत्या. ६ जुलैला मायक्रोसॉफ्टने वेळापत्रकाबाहेर पॅच दिला, तोही सपोर्ट संपलेल्या विंडोज ७ लासुद्धा. १० ऑगस्टच्या अपडेटपासून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागायला लागला.

तोपर्यंत आम्ही सगळं वेळेवर केलं. मग सप्टेंबरचं अपडेट आलं आणि सामायिक प्रिंटर जोडताना शेवटी ११बी असलेला एरर यायला लागला. पासबुकं छापायची, समोर खातेदारांची रांग. बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने रजिस्ट्रीत एक किंमत शून्य केली, आरपीसी ऑथ्न लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड या नावाची. प्रिंट लगेच सुरू. सगळ्यांनी त्याला चहा पाजला.

त्या शून्याने प्रिंट सर्व्हरशी होणाऱ्या बोलण्यावरचं संरक्षणच काढून टाकलं होतं. ते सहाही शाखांत दोन वर्षं तसंच राहिलं. कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. २०२३ च्या तपासणीत सापडलं. खरा उपाय सर्व्हर आणि शाखांची मशीन दोन्हीकडे अपडेट पूर्ण करून ड्रायव्हर एकसारखे करणं हा होता. दोन दिवसांचं काम होतं, पण त्या दिवशी समोर रांग होती.

तेव्हापासून मी कुठलाही पॅच लावण्याआधी प्रत्येक प्रिंटरवरून एक पान काढतो, लावल्यावर पुन्हा काढतो, आणि मगच घरी जातो. छपाई अडली की माणसं कुलूप काढून टाकतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांचं काम अडलेलं असतं. तुमच्यापैकी कोणी २०२१ मध्ये ते शून्य टाकलं असेल तर आज जाऊन बघा, अजून तिथेच असेल.

---

एल्बेकाठी | २ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

माळरानदादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या टीमला मी हे भाषांतर करून वाचून दाखवलं.

---

जाईजुई | १५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

दसऱ्याच्या सुट्टीत नवीन सर्व्हर उभा केला. 'नवीन' म्हणजे लॅबमधलंच एक जास्तीचं मशीन, पण त्यावर डेबियन १२ आहे आणि सुरक्षा अपडेट आपोआप येतील असं लावलंय. कृष्णाकाठ यांनी फोनवर दोन तास दिले, त्यांचे उपकार आहेत.

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली, ती लिहून ठेवते. मला वाटत होतं की सर्व्हरवर कप्स-ब्राउझ्ड हवंच, नाहीतर मशीनना सर्व्हर सापडणार कसा? तसं नाही. ते दुसऱ्यांचे प्रिंटर शोधून आपल्याकडे आणण्यासाठी आहे. आपले प्रिंटर दुसऱ्यांना देण्याचं काम कप्स स्वतःच करतं. म्हणजे जिथे प्रिंटर जोडलेले आहेत त्या सर्व्हरला त्याची गरजच नव्हती. नवीन सर्व्हरवर ते बसवलंच नाही.

जुन्या सर्व्हरचाच आयपी नव्याला दिला, त्यामुळे २९ मशीनवरच्या फाइलला हात लावावा लागला नाही. क्लार्कमॅडमच्या मशीनवरही एक चाचणी पान काढलं. मग माळरानदादांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या मशीनवरून एकेक पान. ३० पानं गेली, प्राचार्य काही बोलले नाहीत.

शेवटी एसएस कमांडने प्रत्येक मशीनवर पाहिलं. यूडीपी ६३१ वर आता कुठेच काही ऐकत नाही. काय काय बदललं, कोणत्या तारखेला, आणि कोणत्या मशीनला क्लायंट डॉट कॉन्फ नाही, हे कागदावर लिहून सर्व्हरच्या बाजूला चिकटवलंय.

आता दिवाळीच्या सुट्टीत ३० मशीन १८.०४ वरून २४.०४ वर न्यायची आहेत. सगळ्यांना ४ जीबी रॅम आहे. कोणी केलंय का?

---

कृष्णाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

४ जीबीवर नेहमीचं उबुंटू जड जाईल, झुबुंटू हे त्याचं हलकं रूप घ्या. आणि पायरीपायरीने वर नेण्यापेक्षा कोरं बसवा, एक मशीन तयार करून त्याची प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) बाकीच्यांवर उतरवा. प्रतिमा घेण्याआधी कप्स-ब्राउझ्ड काढायला विसरू नका, नव्या उबुंटूबरोबर ते पुन्हा येतं. नव्यात पॅच आहे, पण तुम्हाला ते लागत नाही. वेगळा धागा काढा, त्यात सविस्तर लिहितो.